‘क्षेत्रफळ भागिले बत्तीस’: कपाटाला न लागणारा हिशेब

बडोद्यातल्या मराठी ग्रुपांवर इंटिरिअरच्या खर्चाचा एक ‘सोपा हिशेब’ फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: कार्पेट एरियाला चौरस फुटाच्या दराने गुणलं की बजेट निघतं. प्लायसाठी सगळ्या फळ्यांचं क्षेत्रफळ काढा, ३२ ने भागा (प्लायचा एक तक्ता ३२ चौरस फुटांचा), वर १० टक्के नासाडी धरा. जितके प्लाय, तितकेच सनमायका. लादीलाही तेच १० टक्के. आणि सगळा माल पहिल्याच दिवशी भरा, स्वस्त पडतो. हा कागद हातात घेऊन काम सुरू केलं की महिन्याभरात मालक आणि सुतार यांच्यात वाद होतो. दोघंही प्रामाणिक असले तरी होतो.

‘कार्पेट एरिया गुणिले दर’

९०० चौरस फुटांचे दोन फ्लॅट घ्या. एकात तीन कपाटं छतापर्यंत माळ्यासकट, दुसऱ्यात एकच कपाट आणि तयार पलंग. जमीन सारखीच, लाकूडकाम तिप्पट. सुतार कपाटाचा दर दर्शनी भागावर, म्हणजे उंची गुणिले रुंदीवर सांगतो, आणि ओट्याखालच्या कामाचा बहुधा धावत्या फुटावर, म्हणजे नुसत्या लांबीवर. त्या दरात खण किती, ड्रॉवर किती, माळा आहे की नाही, १८ टक्के जीएसटी आत की बाहेर, हे लिहून घेतलं नसेल तर दोन कोटेशनांची तुलनाच होत नाही. प्लाय, सनमायका, लादी आणि रंग या चारही वस्तूंवर जीएसटी १८ टक्के आहे. ही रक्कम शेवटी ‘वरून’ आली की सगळं गणित कोलमडतं.

‘क्षेत्रफळ भागिले ३२, अधिक १० टक्के’

इथेच सगळ्यात जास्त पैसे चुकतात, म्हणून एक कपाट पुरतं मांडून बघू. उंची २१०० मिमी, रुंदी १८००, खोली ६००. तीन कप्पे, नऊ फळ्या, तीन दारं. सगळं १८ मिमी प्लायमध्ये, पाठ ६ मिमीची. प्लायचा आठ बाय चारचा तक्ता म्हणजे २४४० बाय १२२० मिमी.

उभे तक्ते चार (दोन बाजू, दोन मधले), २१०० बाय ६००. एका प्लायमधून दोन निघतात, म्हणजे २ प्लाय. वरचा आणि खालचा आडवा तक्ता १७६४ बाय ६००, दोन्ही एकाच प्लायमध्ये. फळ्या ५७६ बाय ५६०. एका प्लायमधून आठ निघतात आणि नववी आडव्या तक्त्यांच्या उरलेल्या तुकड्यातून. दारं तीन, ५९७ बाय २०८०. एका प्लायमधून दोनच, म्हणून २ प्लाय आणि अर्धा शिल्लक. एकूण ६ प्लाय.

आता मेसेजचं गणित. या सगळ्या तुकड्यांचं निव्वळ क्षेत्रफळ सुमारे १४८ चौरस फूट. भागिले ३२ म्हणजे ४.६, वर १० टक्के धरून ५.१. माणूस पाच प्लाय आणतो आणि तिसरं दार राहतं. उरलेला अर्धा प्लाय ड्रॉवरच्या दर्शनी पट्ट्यांना वापरला तरी नासाडी १६ टक्के, नाही वापरला तर २३. पाठीचं ६ मिमी प्लाय वेगळंच: १८०० रुंदीला १२२० चा एक तक्ता पुरत नाही, दोन आणावे लागतात. लाकूड क्षेत्रफळात मिळत नाही, तक्त्यात मिळतं, आणि तक्त्यातून काय निघतं ते कटिंग लिस्टच, म्हणजे तुकड्यांच्या मापांची यादीच सांगते. कागदावर आयत काढून तुकडे बसवायला तासभर पुरतो.

खोलीचा आकडा तर फार बारकाईने ठरवायला हवा. ‘दोन फूट खोल’ असं सहज सांगितलं जातं. दोन फूट म्हणजे ६१० मिमी. करवतीचा काप ३ मिमी खातो, म्हणजे ६१० अधिक ६१० अधिक ३, एकूण १२२३. प्लाय १२२० चा आहे. दुसरी पट्टी ६०७ चीच निघते. ६०० सांगितलं असतं तर दोन्ही पट्ट्या सुखाने निघाल्या असत्या. उलट ६५० हट्टाने मागितलं, तर एका प्लायमधून एकच उभा तक्ता मिळतो आणि कपाटाचा खर्च जागच्या जागी उडी मारतो.

‘जितके प्लाय, तितके सनमायका’

सनमायका दोन्ही बाजूंना लागतो, ही साधी गोष्ट या वाक्यात हरवली आहे. याच कपाटाला बाहेरून १ मिमीचे दोन: तीन दारं आणि एक दिसणारी बाजू. आतून लायनर, म्हणजे पातळ सनमायका, मोजा. उभ्या तक्त्यांच्या सहा आतल्या बाजू म्हणजे ३, आडव्यांना १, फळ्यांच्या अठरा बाजूंना २ (आणि दोन तुकडे आडव्यांच्या शिल्लक भागातून), दारांच्या आतून २, पाठीच्या तीन पट्ट्यांना १, कारण तिसरी पट्टी दारांच्या उरलेल्या अर्ध्या तक्त्यातून निघते. एकूण ९. म्हणजे १८ मिमीच्या ६ प्लायला ११ सनमायका. फेविकॉल तक्त्याला पाऊण ते एक किलो धरला, तरी १० किलोच्या आसपास लागतो. कडांची पट्टी सुमारे ३३ मीटर. दारं २०८० मिमी उंच आहेत, म्हणून प्रत्येकाला चारपेक्षा कमी बिजागऱ्या नकोत. म्हणजे किमान १२.

पैसे वाचवायला दाराच्या आतल्या बाजूला सनमायकाऐवजी नुसता रंग मारायचा विचार करू नका. एकाच बाजूला चिकटवलेला तक्ता हवेतल्या ओलाव्याने वाकतो, आणि उंच दारात तो बाक पहिल्याच पावसाळ्यात दिसतो. खर्च कमी करायचाच असेल तर आतल्या सांगाड्याला प्रीलॅमिनेटेड, म्हणजे आधीच लॅमिनेट चढवलेला बोर्ड वापरा. तिथे लायनर, फेविकॉल आणि मजुरी तिन्ही वाचतात.

‘लादीला १० टक्के’

कधी १० टक्के जास्त होतात, कधी फारच कमी. १२ बाय १० ची खोली, ६०० बाय ६०० ची लादी, पेटीत चार, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. मेसेजप्रमाणे १२० अधिक १२ म्हणजे १३२, नऊ पेट्या. पण १२ फूट म्हणजे ३६५८ मिमी: सहा लाद्या बसल्यावर जेमतेम पाच सेंटीमीटरची चिंचोळी फट उरते. १० फुटांतही तेच. चांगला कारागीर ती फट दारासमोर येऊ देत नाही. तो मांडणी मध्यावर घेतो, म्हणजे दोन्ही कडांना ३२ सेंटीमीटरच्या आसपास पट्टी येते. अशी पट्टी एका लादीतून एकच निघते. सात गुणिले सहा, बेचाळीस लाद्या. साडेदहा पेट्या, म्हणजे अकरा.

यातला सगळा उरलेला भाग नासाडी नाही. प्रत्येक कडेच्या लादीतून २८ सेंटीमीटरच्या आसपास पट्टी उरते आणि तिच्यातून १० सेंटीमीटरची स्कर्टिंग दोनदा निघते. त्या खोलीची स्कर्टिंग त्यातच भागते. मात्र कारागिराला हे काम सुरू होण्याआधी सांगा, नाहीतर तुकडे राडारोड्यात जातात. फट कपाटाखाली लपवता येत असेल तर एका कडेने पूर्ण लादीपासून सुरू करा, नऊ पेट्यांत काम होईल. एखादी पेटी जास्त घ्याच. मोरबीहून पुढची खेप आली की बॅच बदलते, आणि दोन बॅचच्या छटा शेजारी शेजारी लगेच ओळखू येतात.

दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत आणखी एक अडचण असते: नकाशावरची मापं तिथे चालत नाहीत. भिंतीला ओळंबा आणि कोपऱ्याला गुण्या लावून बघा, रुंदी जमिनीजवळ, कमरेशी आणि छताजवळ अशी तीन ठिकाणी मोजा. सगळ्यात लहान माप धरा आणि कडेला भिंतीप्रमाणे कापून घ्यायची पट्टी हिशेबात लिहा.

‘सगळा माल पहिल्या दिवशी’

सनमायकाबाबत हे खरं आहे: एकाच बॅचचा एकदम घ्या. बाकीच्याला क्रम असतो. हॉब (ओट्यात बसवायची शेगडी), सिंक, चिमणी आणि ड्रॉवरचे चॅनल आधी घरात यायला हवेत, कारण कापणी त्यांच्या मापाने होते. साध्या टेलिस्कोपिक चॅनलला ड्रॉवरचा डबा कप्प्यापेक्षा २६ मिमी अरुंद लागतो. चॅनल बदलला की डबा बदलतो. प्लाय आणाल तेव्हा भिंतीला टेकवून ठेवू नका, वाकतं. पट्ट्यांवर सपाट रचा. रंग अगदी शेवटी.

तळमजल्यावर घर असेल तर पावसाळ्यात माल भरूच नका. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरातल्या कितीतरी तळमजल्यांत शिरलं. अशा घरात ओट्याखालचं काम पीव्हीसीच्या पायांवर उभं करा आणि खालचे तक्ते आयएस ७१० या मानकाचा मरीन प्लायच घ्या. त्याच्या किमतीतला फरक कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत मागा, म्हणजे तो नक्की कुठे लागला ते मोजता येतं.