त्वरण म्हणजे फक्त ‘वेग वाढणे’ नव्हे: फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

नववी-दहावीच्या मुलांच्या व्हॉट्सॲप गटांत त्वरणावरचा एक छोटा मजकूर थोड्याफार फरकाने फिरत असतो. त्याचा गाभा असा: वेग वाढला की त्वरण धन, कमी झाला की ऋण, वेग शून्य असेल त्या क्षणी त्वरणही शून्य, चाल स्थिर असेल तर त्वरण नाही, ‘९.८’ म्हणजे वस्तू दर सेकंदाला ९.८ मीटर खाली येते. जड वस्तू जास्त त्वरणाने पडते. आणि अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसल्याने तिथे त्वरण नसते. पाठ करायला सोपा आहे, म्हणूनच तो जास्त घातक आहे. त्यातले एकही विधान जसेच्या तसे टिकत नाही.

सगळ्या चुकांचे मूळ एकच. त्वरण हे वेग किती आहे ते सांगत नाही, वेग कोणत्या दराने बदलतो आहे ते सांगते. आणि वेगाला दिशा असते, त्यामुळे नुसती दिशा बदलली तरी वेग बदलला. दिशा सोडून वेगाचा नुसता आकडा म्हणजे चाल.

‘वेग शून्य तर त्वरण शून्य’ हे आधी घेऊ, कारण सर्वांत जास्त गुण इथेच जातात. चेंडू १९.६ मी/से वेगाने सरळ वर फेकला आणि वरची दिशा धन धरली (हवेचा अडथळा सोडून देऊ), तर दर सेकंदाअखेरचा वेग असा: ९.८, ०, −९.८, −१९.६. दुसऱ्या सेकंदाअखेर चेंडू १९.६ मीटर उंचीवर, शिखरावर आहे आणि वेग शून्य आहे. आता शिखराच्या अलीकडे-पलीकडे पाहा. १.९ सेकंदाला वेग +०.९८, २.१ सेकंदाला −०.९८. म्हणजे ०.२ सेकंदात बदल −१.९६ मी/से. भागाकार करा: −९.८ मी/से². मधल्या क्षणी काहीच खंड पडलेला नाही. शिखरावर त्वरण खरोखर शून्य झाले असते तर शून्य वेग शून्यच राहिला असता आणि चेंडू तिथेच हवेत थांबला असता.

याच चेंडूने चिन्हाचा गोंधळही सुटतो. खाली येताना त्वरण −९.८ आहे आणि चाल तर वाढते आहे! म्हणजे ‘ऋण त्वरण म्हणजे मंदावणे’ हे वस्तू धन दिशेने जात असतानाच खरे. शाळेच्या पुस्तकात ऋण त्वरणाला मंदन म्हटलेले असते, ते अशाच सरळ पुढे जाणाऱ्या गाडीपुरते धरावे. रिव्हर्स गिअरमधली गाडी घ्या, पुढची दिशा धन. वेग ४ सेकंदांत −१ वरून −३ मी/से झाला तर त्वरण −०.५ मी/से², पण गाडी जास्त जोरात मागे जाऊ लागली. मग ब्रेक दाबून २ सेकंदांत थांबवली तर त्वरण +१.५, आणि चाल कमी झाली. चिन्ह आपण निवडलेल्या दिशेवर ठरते. चाल वाढते की घटते हे पाहायचे तर वेग आणि त्वरण यांच्या दिशा ताडून पाहायच्या: एकाच दिशेने असतील तर वाढते, उलट असतील तर घटते, काटकोनात असतील तर त्या क्षणी चाल तेवढीच राहते आणि फक्त दिशा वळते.

गणितात याचा फटका कसा बसतो, तेही बघा. १४.७ मीटर उंच गच्चीवरून दगड ९.८ मी/से वेगाने सरळ वर फेकला. जमिनीवर कधी पडेल? वरची दिशा धन धरली की विस्थापन −१४.७, सुरुवातीचा वेग +९.८, त्वरण −९.८. समीकरण होते −१४.७ = ९.८ × वेळ − ४.९ × वेळेचा वर्ग. उत्तरे दोन, ३ आणि −१. फेकल्यानंतरची वेळ हवी, म्हणून ३ सेकंद. ‘खाली येताना वेग वाढतो, म्हणून त्वरण धन’ असे म्हणून +९.८ घातले, की ऋण संख्येचे वर्गमूळ काढायची वेळ येते. मुले तिथे आकडेमोड पुन्हा पुन्हा तपासतात. चूक मात्र पहिल्या ओळीतल्या चिन्हात असते.

‘दर सेकंदाला ९.८ मीटर’ हे एकक न वाचल्याचे फळ आहे. ९.८ मी/से² म्हणजे वेगात दर सेकंदाला ९.८ मी/से इतकी भर. पहिल्या सेकंदात वेग ० पासून ९.८ पर्यंत चढतो, सरासरी ४.९, म्हणून वस्तू ४.९ मीटरच पडते. दुसऱ्या सेकंदात १४.७ मीटर, तिसऱ्यात २४.५. गुणोत्तर १ : ३ : ५. वेग पडलेल्या अंतराच्या प्रमाणात वाढतो की लागलेल्या वेळेच्या, यावर गॅलिलिओही अडखळला होता: १६०४ सालच्या पत्रात त्याने अंतर धरले होते, १६३८ साली छापलेल्या ग्रंथात वेळ.

हे घरी तपासता येते. दोन मीटर लांब सपाट फळी घ्या, एक टोक १० सेंटिमीटर उचला, वरून काचेची किंवा पोलादी गोटी सोडा. घरंगळणाऱ्या भरीव गोटीचे त्वरण ९.८ × ०.०५ × ५/७, म्हणजे ०.३५ मी/से² येते. पाच-सप्तमांश यासाठी, की गुरुत्वाच्या कामाचा काही भाग गोटी फिरवण्यात जातो. पहिले ५० सेंटिमीटर साधारण १.७ सेकंदांत, पूर्ण दोन मीटर साधारण ३.४ सेकंदांत: चौपट अंतर, दुप्पट वेळ. गोटी बोटाने सोडली तर नकळत धक्का बसतो. पट्टी आडवी धरून ती उताराच्या दिशेने झटकन काढा. स्टॉपवॉच दाबण्यात ०.२ सेकंदांची चूक सहज होते, म्हणून पाच वाचने घेऊन सरासरी काढा. गोटी फळीवरून भरकटते म्हणून पन्हळीत सोडली, तर ती दोन कडांवर घरंगळते आणि त्वरण ०.३५ पेक्षा कमी भरते. दुपटीचे नाते मात्र तसेच राहते.

जड वस्तूबद्दल थोडक्यात: १९७१ साली अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकाच वेळी सोडले आणि दोन्ही बरोबरच खाली पोचले. पृथ्वीवर पीस मागे राहते ते हवेमुळे.

‘चाल स्थिर तर त्वरण नाही’ हे सरळ रस्त्यावर खरे, वळणावर खोटे, आणि वळणावर ते खोटे आहे हे ठाऊक नसणे जिवावर बेतू शकते. मोटारसायकल ३६ किमी/तास, म्हणजे १० मी/से, चालीने उत्तरेकडे जात होती. ५ सेकंदांत त्याच चालीने पूर्वेला वळली. वेगातला बदल शून्य नाही, तो आग्नेयेकडे १४.१ मी/से आहे. सरासरी त्वरण २.८ मी/से². वळणाची त्रिज्या ३१.८ मीटर येते, म्हणून प्रत्येक क्षणी केंद्राकडे त्वरण १०० भागिले ३१.८, म्हणजे ३.१४ मी/से². सपाट रस्त्यावर हे त्वरण टायरचे घर्षणच देते. पहिल्या पावसात तेलकट झालेल्या रस्त्यावर घर्षणांक ०.३ पर्यंत उतरला, तर घर्षण जास्तीत जास्त ०.३ × ९.८, म्हणजे २.९४ मी/से² देऊ शकते. गाडी घसरणार. चाल सुमारे ३४ किमी/तासावर आणली तर तीच गाडी जेमतेम वळते. चाल दुप्पट केली तर लागणारे त्वरण चौपट होते.

अंतराळस्थानक हेच उदाहरण मोठ्या प्रमाणावर दाखवते. सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरही गुरुत्वत्वरण जवळपास ८.७ मी/से² आहे. स्थानक सेकंदाला साधारण ७.७ किलोमीटर चालीने फिरते. चालीचा वर्ग भागिले पृथ्वीच्या केंद्रापासूनचे अंतर केले की तोच आकडा येतो. अंतराळवीर तरंगतात, कारण ते आणि स्थानक एकाच त्वरणाने पृथ्वीकडे पडत आहेत, त्यामुळे स्थानकाचा तळ त्यांना रेटत नाही.

या मुद्द्यावर फोनचा त्वरणमापी दाखवून उलट प्रश्न विचारला जातो: टेबलावर स्थिर ठेवलेला फोन ९.८ दाखवतो आणि पडताना शून्य, मग पडणाऱ्या वस्तूचे त्वरण शून्य नाही का? नाही. तो संवेदक वेगातला बदल मोजत नाही. आधार त्याला किती रेटतो ते मोजतो. टेबल रेटते तेव्हा ९.८, आधार सुटला की शून्य. जर्मनीतल्या आखन विद्यापीठाचे ‘फायफॉक्स’ हे मोफत ॲप घेऊन हे पाहता येते. ‘गुरुत्वासह त्वरण’ हा पर्याय निवडा, कारण ‘गुरुत्वाशिवाय’चा आकडा फोन हिशेब करून काढतो. फोन आडवा धरून अर्ध्या मीटरवरून जाड गादीवर सोडा. आलेख सुमारे ०.३२ सेकंद शून्याजवळ राहील, मग गादीचा धक्का उंच टोकासारखा दिसेल. मधली रेघ शून्यावर न बसता वर उचललेली दिसली, तर फोन हातातून सुटताना गिरकी घेत होता. दोन्ही हात एकदम बाजूला घेऊन पुन्हा सोडा.