मंग, तेन्हा कपडा कथा ग्यात?

चार-पाच जणांनी मिळून एकच काल्पनिक जग लिहायला घेतलं असेल, तर तुमचं अभिनंदन. खानदेशात ज्याने सामाईक विहिरीवर शेती केली आहे त्याला यात नवं काही नाही. पाण्याची पाळी ठरलेली असते, सगळ्यांना तोंडपाठ असते, आणि रात्री दोनला लाइट आली की मोटर भलत्याचीच सुरू असते. आमचं जगही असंच. तापीकाठचं एक गाव, तिथल्या काही घराण्यांतली माणसं जनावरं होतात, आणि आम्ही पाच जण आळीपाळीने त्यांच्या गोष्टी लिहितो. पारोळ्याचे मास्तर, धुळ्याच्या वकीलबाई, रावेरचे केळीवाले भाऊ, बऱ्हाणपूरचा एक पोरगा आणि मी. तीन वर्षांत आम्ही एकही नियम धड ठेवलेला नाही, तेव्हा रूप पालटण्याचे नियम कसे सांभाळावेत हे सांगायला माझ्याइतका लायक माणूस तुम्हाला मिळायचा नाही.

सगळ्यात आधी वही करा. वही केली की नियम पाळण्याची जबाबदारी वहीवर जाते आणि आपण मोकळे. आमची वही दोनशे पानी, पुठ्ठा बांधणीची. मास्तरांकडे असते, कारण अक्षर त्यांचं. दुसऱ्याच बैठकीत, एका ढाब्यावर, शेवभाजीची वाटी तिच्यावर कलंडली. रश्शातल्या पाण्याने शाई फुटली आणि तर्रीने कागद आरपार केला. पान नऊवर लिहिलं होतं, 'रूप पालटताना अंगावरचे कपडे' आणि पुढे डाग. त्या डागातून आता पान दहावरची ओळ उलटी दिसते: 'जखमा तशाच राहतात'. त्यामुळे उजेडाकडे धरली तर कपडे तसेच राहतात, टेबलावर ठेवली तर कपड्यांचं काय होतं ते तुमच्या मनावर. एवढी लवचिक वही तुम्हाला विकत मिळणार नाही. जपून ठेवा.

मग नियम. नियम कडक करा, अंगावर येतील असे करा, फक्त ते दुसऱ्याच्या पात्रासाठी आहेत हे विसरू नका. 'जनावर झाल्यावर तीन दिवस वाचा जाते' हा नियम मीच सुचवला होता. मोठ्या थाटात सुचवला होता: फुकटात काही मिळता कामा नये, रूप पालटायचं तर किंमत मोजावी लागेल वगैरे. सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढच्याच गोष्टीत माझा तडस भुसावळ स्टेशनावर पोचला, समोर बहीण चुकीच्या गाडीत चढत होती, आणि तो दुसऱ्याच दिवशी बोलला. काय करणार, गाडी सुटत होती! वकीलबाईंनी तेवढं एक वाक्य दाखला म्हणून धरलं आणि पुढच्या भागात त्यांच्या बिबट्याने पहिल्याच दिवशी कोर्टात साडेतीन पानांची साक्ष दिली. उलटतपासणीसकट. मी विचारलं तर म्हणाल्या, तडसाला सवलत आणि बिबट्याला नाही, हा भेदभाव झाला.

वजनाच्या भानगडीत पडू नका. भाऊंचा नायक कावळा होतो. माणूस सत्तर किलोचा, म्हणजे भाऊंच्याच हिशेबात केळीचे तीन भरलेले घड. कावळा भरतो पाव-दीड पाव. मग तीन घड गेले कुठे? रडतखडत विचार करणारा लेखक इथे दोनातला एक रस्ता धरतो. एक, वजन जात नाही. मग कावळा सत्तर किलोचा, त्याला उडता येत नाही, आणि वळचणीला बसला तर कौलांसकट खाली येतो. दोन, वजन कुठेतरी जाऊन थांबतं आणि परतताना परत मिळतं. मग कुठे थांबतं ते सांगावं लागतं आणि ती जागा कुणीतरी लुटू शकतो, म्हणजे आणखी एक गोष्ट सुचते, म्हणजे आणखी काम. भाऊंनी तिसरा रस्ता काढला. दुसऱ्या भागात त्यांचा कावळा विजेच्या तारेवर झोके घेतो, आणि चौथ्या भागात तोच कावळा वरून सावकाराच्या अंगावर पडून त्याच्या खांद्याचं हाड मोडतो. केळी तोलणाऱ्या माणसाने हे लिहावं, याचं मला अजून नवल वाटतं.

उन्हाचा तर नियमच कुणी केला नाही. भुसावळच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, आमची अस्वलं भर बाराला धावतात.

तिथी ठरवताना मात्र घाई करा. विचार केलात तर अडकाल. आपल्याकडची भुतंखेतं पहिल्यापासून अमावास्येची, आणि चंद्र बघून लांडगा होणारा माणूस परदेशातून आलेला, तो पौर्णिमेचा. आम्ही दोघांना एकाच गावात वस्तीला ठेवलं. वाद नको म्हणून शेवटी 'कार्तिक अमावास्या' एवढंच ठरलं, आणि बऱ्हाणपूरच्या पोराने आपली गोष्ट नेमकी दिवाळीच्या रात्री घडवली. आम्ही चिडलो. त्याने त्यांच्याकडचं हिंदी पंचांग पुढे केलं. आपला महिना अमावास्येला संपतो, त्या पंचांगातला पौर्णिमेला. आपली आश्विन अमावास्या तीच त्यांची कार्तिक अमावास्या. त्याचं बरोबर, आमचंही बरोबर, फक्त मधे एक महिन्याचं अंतर, आणि त्या महिन्यात त्याचा लांडगा माझ्या तडसाला खाऊन मोकळा झालेला. वर पोरगं ऐकवतं की १६०१ मध्ये अकबराने असीरगड घेईपर्यंत बऱ्हाणपूर हीच खानदेशची राजधानी होती, तेव्हा खरं पंचांग कुणाचं ते तुम्हीच बघा.

घोड्याची गोष्ट सांगतो, कारण ती मास्तरांची आहे आणि ते आमच्यात सगळ्यात काटेकोर. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला भरते. तापीच्या काठावर घोड्यांचा बाजार. मास्तरांचा नायक अठ्ठावीस वर्षांचा, देखणा, लग्नाचा. कर्ज फेडायला तो घोडा होतो आणि मित्र त्याला बाजारात उभा करतो. इथवर झकास. मग गिऱ्हाईक येतं आणि बाजारातलं कुठलंही शहाणं गिऱ्हाईक जे करतं तेच करतं: ओठ उचलून दात बघतं. मास्तरांचं पेन तिथे दहा दिवस अडलं. घोड्याचे दुधाचे दात पाचव्या वर्षापर्यंत पडून पक्के येतात, पुढे ते झिजत जातात, आणि दातांची झीज बघून जाणकार वय सांगतो. आता हा घोडा किती वर्षांचा? माणसाचं वय तसंच धरलं तर अठ्ठावीस वर्षांचा घोडा म्हणजे पेन्शनीतला म्हातारा, त्याला फुकटही कुणी नेणार नाही. आयुष्याच्या प्रमाणात धरलं तर दहाएक वर्षांचा, चालेल. पण मग परत माणूस झाल्यावर घोडेपणातलं एक वर्ष माणसाची तीन वर्षं खाणार, आणि वकीलबाईंचा बिबट्या तर चार वर्षं बिबट्याच आहे. तो परतला की थेट मुंडावळ्यांऐवजी कवळीच. मास्तरांनी हा सगळा हिशेब बैठकीत मांडला. आम्ही त्यांना सांगितलं, गिऱ्हाइकाला आंधळा करा.

एवढं करूनही कुणी हरकत घेतलीच तर पुराणांच्या नावाने पावती फाडा. अहल्या बघा म्हणावं. पोरासोरांना विचारलं तरी सांगतात, शापाने शिळा झाली. वाल्मीकींच्या बालकांडात ती शिळा होतच नाही. वारा भक्षण करत, राखेत पडून, कुणालाही न दिसता आश्रमात राहते. शिळा नंतरच्यांनी केली. एवढ्या मोठ्या सामाईक जगात शापाचा नियम बदलला तरी कुणाचं अडलं नाही, तर आमच्या तडसाचं काय घेऊन बसलात? हा मुद्दा बिनतोड आहे. फक्त नळाचं आख्यान निघणार नाही एवढं बघा. तिथे सगळा हिशेब चोख आहे. नळाचं वस्त्र पक्षी घेऊन उडतात, तो दमयंतीचं अर्धं फाडून नेसतो, मग कर्कोटक नाग त्याला डसून कुरूप बाहुक करतो आणि हातात वस्त्रं देतो: मूळ रूप हवं असेल तेव्हा मला आठव आणि ही नेस. देह बदलला तरी त्याचा घोड्यांवरचा हात आणि स्वयंपाकाची चव बदलत नाही, आणि त्यावरूनच दमयंती त्याला ओळखते. अशा लोकांमुळे आपल्यासारख्यांचं नाव खराब होतं.

अस्तंब्याचंही नाव काढू नका. दिवाळीच्या सुमाराला सातपुड्यात हजारो माणसं तो डोंगर चढतात. अश्वत्थामा तिथे फिरतो, कपाळावरच्या जखमेला तेल मागतो असं सांगतात. असीरगडालाही तीच गोष्ट. एवढ्या तोंडांनी सांगितली, कुणाकडे वही नाही, तेलाचा डागही नाही, पण त्याच्या कपाळाला आजवर कुणी टाके घातले नाहीत. सांगणाऱ्यांपैकी तो कुणाच्याच लाडाचा नसावा.

आमच्यात न मोडलेला नियम एकच आहे, तो वकीलबाईंचा: आपल्या गावात डाकीण नाही. सातपुड्यात त्या एका शब्दावरून खऱ्या बायकांना मार खावा लागला आहे, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा काही उगाच आलेला नाही. त्या नियमावर चर्चा झाली नाही. सवलतही कुणी मागितली नाही.

गेल्या महिन्यात मास्तरांच्या ओट्यावर मी माझा नवा भाग वाचून दाखवला. तडस पहाटे परत माणूस होतो आणि बहिणीच्या सासरच्या दारात उभा राहतो, असा हळवा शेवट. आत कळण्याच्या भाकरी थापत असलेल्या मास्तरांच्या आईने पिठाचे हात झटकत, दारात येऊन अहिराणीत विचारलं, "मंग, तेन्हा कपडा कथा ग्यात?" म्हणजे, मग त्याचे कपडे गेले कुठे?

आम्ही पाचही जण एकदम बोललो. मी म्हणालो, कपडे अंगाबरोबर येतात. वकीलबाई म्हणाल्या, फाटतात. भाऊ म्हणाले, वजनाबरोबर जातात. पोरगा म्हणाला, कुठल्या पंचांगाने? मास्तर वही उजेडाकडे धरून बघत होते. आजींनी माझ्याकडे एकदा पाहिलं, म्हणाल्या, व्याह्याच्या दारात? आणि आत गेल्या.

मग मात्र आम्हाला लाज वाटली. आता एकदाचं पक्कं ठरवू, नवं पान घेऊ, सगळ्यांना एकच नियम, असं एकमताने ठरलं. मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं.

"लिहा," भाऊ म्हणाले, "फक्त माझा कावळा सोडून."