ढोल ताणणारी मुलं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

(नातवंडांचा उल्लेख तुम्हीच केलात, म्हणून काका म्हणतेय.)

मुलाला नववीत ढोल-ताशा पथकात घातलं, त्यावरचा माझा लेख तुम्हाला अजिबात पटला नाही. "संध्याकाळचे दोन-अडीच तास नदीपात्रात ढोल बडवून कसले संस्कार होतात? त्यापेक्षा शाखेत पाठवा," असं तुम्ही लिहिलंत.

आवाजाच्या त्रासाबद्दलही लिहिलंत, त्याचं आधी. तिथे तुमचं बरोबर आहे. २०२४ मध्ये हरित लवादाने पुण्यातल्या पथकांवर ३० जणांची मर्यादा घातली आणि सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली, तेव्हा आमच्या घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. पण स्थगिती आली म्हणून नदीकाठच्या आजोबांची झोप काही परत आली नाही. हे लेखात यायला हवं होतं. मी टाळलं.

आता शाखा. मी शाखेतलीच हो, राष्ट्र सेवा दलाच्या. समता, श्रमप्रतिष्ठा, सगळे शब्द तोंडपाठ होते. बौद्धिकांतलं आज काही आठवत नाही, आठवतात त्या सतरंज्या. शाखा सुटली की दोघींनी दोन टोकं धरून झटकायची आणि घडी घालायची. माझ्यासमोरचं टोक धरणारी मुलगी आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या मावशींची. तिची घडी चोख, माझी वाकडी, त्यामुळे मी रोज तिची बोलणी खायचे. घरी तिची आई मला 'ताई' म्हणायची. ते मला तेव्हापासून विचित्र वाटायला लागलं.

पथकात सतरंजीच्या जागी ढोल ताणणं असतं. दोऱ्या ओढून ओढून पान (ढोलाचा वाजवायचा पडदा) कसायचं, तळहाताला फोड येतात, आणि त्याचे फोटो कुणी काढत नाही. गेल्या वर्षी एक मुलगा दुसऱ्या हाताला सारखा चुकायचा ('हात' म्हणजे वाजवण्याचा ठेका). आमचे चिरंजीव आणि त्यांचे तीन दोस्त त्याची नक्कल करून हसले. ताशावाल्या दादाने भाषण दिलं नाही. चौघांना आठवडाभर त्याच मुलाबरोबर ढोल ताणायला बसवलं. चिरंजीव घरी येऊन तणतणले. आता तो मुलगा रविवारी आमच्याकडे जेवायला असतो. त्याचे वडील रिक्षा चालवतात. माझ्या मुलाच्या शाळेची फी बघता ही दोघं एका बाकावर कधी आली नसती.

सगळं गोडच आहे असं नाही. क्लास बुडवून सरावाला गेला आणि मला थाप मारली, हेही याच पोराने केलं. फेटा बांधून रील काढण्यात निम्मा जीव. दुसऱ्या पथकाशी खुन्नस असतेच. आणि पथक चालवतं कोण, यावर फार अवलंबून आहे. आधी दोन पथकं बघून आम्ही परत आलो होतो : एकीकडे दादालोक पोरांसमोर सिगारेटी ओढत होते, दुसरीकडे मुलींच्या हातात नुसते ध्वज. तुम्ही पाहिलेलं पथक त्यांतलंच असेल, तर तुमचा राग मला कळतो.

दहावीचं विचारलंत. यंदा फक्त शनिवार-रविवार सराव, आणि हे पथकात त्याने स्वतः जाऊन सांगितलं.

कानांच्या बाबतीत मात्र मी हरले आहे. आणलेले इयरप्लग खिशातच राहतात. "दादा कुठे घालतो?" म्हणतो. या शनिवारी त्या दादालाच गाठणार आहे.