पोट फुगलेलं प्रत्येक मांजर एफआयपीचं नसतं

जळगाव, भुसावळ, चोपड्याच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. मतलब असा: मांजराला ताप असेल आणि पोट फुगलं असेल तर रक्ताची कोरोना टेस्ट करा, पॉझिटिव्ह आली की एफआयपी (फेलाइन इन्फेक्शस पेरिटोनायटिस, मांजरांच्या कोरोना विषाणूमुळे होणारा जीवघेणा आजार) पक्का, त्याला औषध नाही, माणसांनाही धोका, म्हणून वेळीच इंजेक्शनने कायमचं झोपवून टाका.

माझी प्रॅक्टिस मुख्यतः गुरांची, पण मांजरंही येतात. आता मालक दारातच विचारतात, "डॉक्टर, मन्ही मनीले एफआयपी शे का?" अशीच घाबरून आणलेली एक मनी तपासली, तर गाभण निघाली.

बरं, एफआयपीत साठतं तसं पोटात खरोखरच पाणी साठलं असेल, तरी ते हृदयाच्या, लिव्हरच्या आजारात आणि कॅन्सरमध्येही साठतं.

आता ती टेस्ट. मेसेजचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे आणि घोळही तिथेच आहे. ती आजार दाखवत नाही, अँटिबॉडी दाखवते; म्हणजे मांजराची कधीतरी मांजरांच्या कोरोना विषाणूशी गाठ पडली होती, एवढंच. हा विषाणू विष्ठेतून पसरतो. कापसाच्या जिनिंग कारखान्यात उंदरांसाठी दहा-बारा मांजरं एकत्र राहतात, तिथे बहुतेकांची टेस्ट पॉझिटिव्ह येईल. त्यातल्या बहुतेकांना फार तर दोन दिवस जुलाब होतात. साधारण ५ ते १० टक्के मांजरांतच हा विषाणू अंगातल्या अंगात बदलतो, पांढऱ्या पेशींत शिरतो आणि एफआयपी होतो. बदललेला कोणता आणि साधा कोणता, हे अँटिबॉडी सांगू शकत नाही. उलट खऱ्या एफआयपीतही कधी कधी ही टेस्ट निगेटिव्ह येते. विष्ठेत विषाणूचा अंश शोधणारी पीसीआर टेस्टही तशीच: मांजर विषाणू बाहेर टाकतंय, एवढंच कळतं.

मग आम्ही करतो काय? एकेक पुरावा जमवतो. पोटातलं पाणी सुईने काढायचं. पिवळं, चिकट, तार धरणारं असेल तर संशय वाढतो. रक्तातल्या अल्ब्युमिन-ग्लोब्युलिन या प्रथिनांचं गुणोत्तर ०.४ च्या खाली असेल तर आणखी वाढतो, ०.८ च्या वर असेल तर एफआयपीची शक्यता कमी. मधलं सगळं धुकं. रिवाल्टा टेस्ट तर टेबलावरच होते: टेस्ट ट्यूबमध्ये आठेक मिली डिस्टिल्ड वॉटर, त्यात एक थेंब ॲसिटिक ॲसिड, वरून पोटातल्या पाण्याचा एक थेंब. थेंब विरघळला तर एफआयपी बहुधा नाही. तसाच टिकला किंवा हळूहळू तळाशी गेला तर... असू शकतो. पू असला तरी थेंब टिकतो.

पोटात पाणीच नसलेला, कोरडा प्रकार याहून अवघड. डोळ्यात बदल, तोल जाणं, वजन घटणं, अधूनमधून ताप. तिथे खात्री हवी तर अवयवाचा तुकडा काढून त्यात विषाणू शोधावा लागतो, आणि इतक्या खंगलेल्या मांजराला भूल द्यायला हात धजत नाही.

माणसांना धोका? नाही. हा कोविडचा विषाणू नव्हे. माणसाला होत नाही.

"औषध नाही" हे काही वर्षांपूर्वीपर्यंत खरं होतं. एप्रिल २०२१ मध्ये ज्या रेमडेसिविरसाठी आपण वणवण केली, त्याचं शरीरात जे रूपांतर होतं ते जीएस-४४१५२४, हेच ते औषध. कॅलिफोर्नियात पशुवैद्यक संशोधक नील्स पेडरसन यांच्या गटाने ते एफआयपीच्या ३१ मांजरांना दिलं. २०१९ साली छापलेल्या त्या अभ्यासात २६ मांजरांनी किमान १२ आठवड्यांचा कोर्स पूर्ण केला आणि त्यातली बहुतेक बरी झाली. कोर्स लांब आहे, खर्चिक आहे. पण निदान बरोबर असेल तर ताप बहुधा काही दिवसांतच उतरतो, त्यामुळे पुरावे अर्धवट असले तर औषधाचा परिणाम हाही एक पुरावा धरतात.

राहिलं "वेळीच झोपवा". जिनिंगमधला एक बोका असाच आला होता. ताप, फुगलेलं पोट, कोरोना टेस्ट पॉझिटिव्ह, रिवाल्टाही पॉझिटिव्ह. मालकाने मन घट्ट केलं होतं. पाण्याचा थेंब मायक्रोस्कोपखाली धरला तर जिवाणूच जिवाणू. मारामारीत दुसऱ्या बोक्याचा दात पोटात खोल गेला होता. नाशिकला नेऊन पोट उघडून धुवावं लागलं, पुढे महिनाभर अँटिबायोटिक. आता रुईच्या गाठींवर झोपलेला असतो. उंदरांकडे ढुंकूनही बघत नाही, अशी मालकाची तक्रार आहे.