‘बोअर युद्ध आणि वर्तमानपत्रे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

जोहान्सबर्ग आणि केपटाउनच्या इंग्रजी वर्तमानपत्रांनी १८९९ साली ब्रिटिश साम्राज्याला बोअर युद्धाकडे, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअरांशी झालेल्या युद्धाकडे, ढकलले, या माझ्या म्हणण्यावर आपण लिहिता : ‘युद्ध सोन्यासाठी झाले, पहिला निर्वाणीचा खलिता बोअरांनीच दिला, पेपरवाले फक्त बातम्या छापतात, लेखकाने वर्तमानपत्राची कचेरी आतून पाहिलेली दिसत नाही.’ मतभेद मांडायला हे शेवटचे वाक्य आवश्यक नव्हते.

मी अकरा वर्षे एका जिल्हा दैनिकात उपसंपादक होतो. तालुक्याचा एकच वार्ताहर एकच मजकूर शब्द फिरवून तीन पत्रांना पाठवी, आणि तिन्हीकडे छापून आले म्हणजे खरेच असणार, असे समजून कचेऱ्यांतून चौकशा सुरू होत, हे मी रात्रपाळीत बसून पाहिले आहे. आपण पाहिले आहे काय?

म्हणूनच विल्यम मनीपेनी या नावापाशी मी थांबलो. जोहान्सबर्गच्या ‘स्टार’चा हा संपादक त्याच वेळी लंडनच्या ‘टाइम्स’चा तिथला बातमीदार होता, आणि ‘स्टार’ ज्या आर्गस कंपनीचा, तिच्यात खाणमालकांचा पैसा होता. ट्रान्सवाल या बोअर प्रजासत्ताकातल्या परदेशी रहिवाशांना मताधिकार नाही, ही तक्रार जो माणूस तिथे अग्रलेखात मांडी, तोच ती लंडनला कळवी. लंडनच्या वाचकाला मात्र हे दोन वेगवेगळे साक्षीदार वाटत. ‘केप टाइम्स’चा संपादक एडमंड गॅरेट तर १८९८ पासून केपच्या विधिमंडळात बसत होता आणि दक्षिण आफ्रिकेतला ब्रिटिश उच्चायुक्त मिल्नर याच्या विश्वासातला होता. त्याच मिल्नरने ४ मे १८९९ च्या तारेत, हजारो ब्रिटिश प्रजाजन स्पार्टातल्या दासांसारखे जगत आहेत, असे लंडनला कळवले.

‘फक्त बातम्या छापतात’ म्हणता, तर १ जानेवारी १८९६ चा ‘टाइम्स’ आठवा. ट्रान्सवालचे सरकार उलथण्यासाठी जेमसनने केलेल्या सशस्त्र स्वारीचे समर्थन म्हणून त्यात आलेले, बायकामुलांच्या रक्षणासाठी धावून या अशी विनवणी करणारे पत्र स्वारीच्या कितीतरी आधी, तारखेची जागा कोरी ठेवून, लिहून घेतलेले होते. ‘टाइम्स’च्या वसाहत विभागाच्या संपादिका फ्लोरा शॉ यांना १८९७ मध्ये संसदीय समितीपुढे साक्ष द्यावी लागली, ती बातम्या छापल्याबद्दल नव्हे.

एक उणीव मान्य करतो. ट्रान्सवालचा अध्यक्ष क्रूगर याच्या सरकारच्या पैशावर चालणाऱ्या ‘स्टँडर्ड अँड डिगर्स न्यूज’चा उल्लेख मी करायला हवा होता, तो लेखात घालीन.

बाकीच्यावर फार वेळ घालवावा असे नाही. ९ ऑक्टोबरच्या खलित्याच्या महिनाभर आधीच, ८ सप्टेंबरला, ब्रिटिश मंत्रिमंडळाने दहा हजार सैन्य धाडण्याचा निर्णय घेतला होता. सोन्याचे कारण मी नाकारलेलेच नाही. ज्यांचे सोने होते त्यांनीच पत्रे पोसली, हे लेखाच्या दुसऱ्या परिच्छेदात आहे, आणि तो आपण वाचलेला नाही. पुन्हा लिहाल तेव्हा मनीपेनीबद्दल लिहा, माझ्याबद्दल नको.