किल्ला कुठाय, जावईबापू?

आमचे सासरे, अण्णा, वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येतात आणि मगच चहा घेतात. सहा महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे इंग्लंडात, रेडिंगला आल्यापासून मात्र ते जिना चढत होते. दिवसाला चाळीस वेळा, मोजून. शेवटी ही म्हणाली, "अहो, अण्णांना एखादा किल्ला तरी दाखवा."

मी वॉलिंगफर्ड निवडला. कारण तिथे टेम्स नदीच्या काठाकाठाने जाता येतं, वाट सपाट आहे, आणि माझे गुडघेही सपाटीचेच आहेत. गोरिंगला गाडीतून उतरायचं, पूल ओलांडून स्ट्रीटलीला जायचं आणि नदी धरून साधारण अकरा किलोमीटर चालायचं. अण्णांनी फक्त "गड केवढा आहे?" एवढंच विचारलं. मी म्हणालो, "जुना आहे."

मार्च महिना होता. चिखल दोन जातींचा असतो. एक बूट धरून ठेवणारा, दुसरा माणूस पाडणारा. टेम्सकाठी हे दोन्ही एकाच पावलात भेटतात. माझ्या पायात नव्वद पौंडांचे जलरोधक बूट होते. अण्णांनी रुपयांत हिशोब करून ते सकाळीच दहा हजारांवर नेले होते. स्वतः मात्र कॅनव्हासच्या पांढऱ्या बुटांत निघाले होते. पडलो मी.

"दहा हजारांना घसरगुंडी पण देतात वाटतं," अण्णा म्हणाले आणि हात दिला.

मग फाटक आलं. गुरांना बाहेर जाता येऊ नये म्हणून इथे शेताच्या कुंपणाला एक चमत्कारिक फाटक असतं. आपण अर्धगोल कठड्यात शिरायचं, कोपऱ्यात अंग चोरायचं, फाटक पोटावरून पलीकडे ढकलायचं आणि सटकायचं. समोरून एक गोरं म्हातारं जोडपं आलं. ते म्हणाले आधी तुम्ही, अण्णा हाताने खुणावत म्हणाले आधी तुम्ही. सातारा आणि इंग्लंड यांच्या सभ्यतेत ते फाटक चांगली चार मिनिटं अडकलं. सुटताना ती बाई हसत काहीतरी म्हणाली. त्यातला 'किसिंग गेट' एवढाच शब्द अण्णांनी नेमका पकडला.

"काय म्हणाल्या त्या?"

"फाटकाचं नाव सांगितलं."

"असं नाव का?"

लोक सांगतात ते कारण असं, की पुढे गेलेल्याने मागच्याकडून मुका घेतल्याशिवाय फाटक सोडायचं नाही. हे मी सासऱ्यांना, दोघेच एका कठड्यात उभे असताना, सांगू शकलो नाही. "फाटक कठड्याला नुसतं टेकतं ना, म्हणून," असं दुसरं, सोवळं कारण सांगितलं. पुढच्या फाटकांमधून आम्ही एकमेकांकडे न बघता गेलो.

मोल्सफर्डला नदीनेच आमचा हात सोडला. पूर्वी नावा ओढणारे घोडे इथून होडीने पलीकडच्या काठावर नेत. घोडे गेले, होडी गेली आणि पायवाट मोटाररस्त्यावर आली. "नदीकाठ म्हणाला होतात," अण्णा ट्रकच्या वाऱ्यात टोपी धरून म्हणाले.

रेल्वेच्या पुलाशी नदी परत भेटली आणि तिथे माझा दिवस थोडा वाचला. हा ब्रुनेल नावाच्या इंजिनियरचा पूल, 1839 च्या सुमाराचा, विटांच्या चार कमानींचा, नदीला तिरका. अण्णा बांधकाम खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. ते मान वर करून खाली उभेच राहिले. कमान तिरकी असल्यामुळे विटांचे थर सरळ न जाता पिळासारखे फिरत जातात. "बघा, थर कसा वळवलाय! ठेकेदार कोण होता?" वरून गाडी धडधडत गेली, त्यांच्या टोपीवर पाणी ठिबकलं, तरी हलेनात. किल्ल्याची आठवण मीच करून दिली. चूक माझीच.

दशम्या काढल्या तेव्हा डोक्यावर घारी घिरट्या घालू लागल्या. इथल्या घारी संपल्यासारख्याच होत्या. मग 1989 पासून पुढची काही वर्षं स्पेनमधून आणून जवळच्या चिल्टर्न टेकड्यांत सोडल्या. हे ऐकून अण्णांनी दशमी पदराआड धरावी तशी कोटाआड धरली. "यांना कायमचं राहू दिलं? आम्हाला मात्र सहा महिने."

पाय बोलायला लागले तेव्हा मी गोष्ट काढली. 1142 च्या डिसेंबरात इंग्लंडच्या गादीवर हक्क सांगणारी मटिल्डा ऑक्सफर्डच्या किल्ल्यात वेढ्यात सापडली. बर्फात दिसू नये म्हणून पांढरे कपडे घालून, गोठलेली नदी ओलांडून ती निसटली आणि इथे, वॉलिंगफर्डला पोचली.

"म्हणजे आग्र्याहून सुटकाच की!" अण्णा खुलले. "चालत आली?"

"ॲबिंग्डनपर्यंत चालत. पुढे घोडा मिळाला."

"मग आपला घोडा कुठाय?"

विंटरब्रुक लागलं. इथे खुनाच्या रहस्यकथा लिहिणाऱ्या अगाथा ख्रिस्तींचं घर होतं, 1934 पासून 1976 साली वारेपर्यंत. खुनाची कल्पना माणसाला या परिसरात कशी सुचत असेल, ते सासऱ्यांच्या नजरेकडे बघून मला पटलं.

आणि मग किल्ला. एक हिरवा उंचवटा, थोडी पडकी भिंत, बाकी गवत.

"किल्ला कुठाय, जावईबापू?"

"हाच."

"वरचा भाग?"

"सेनापती क्रॉमवेलच्या हुकमाने पाडला. 1652 साली."

"हे तुम्हाला निघताना माहीत होतं?"

मी थर्मासचं झाकण फिरवत राहिलो. पण तेवढ्यात त्यांच्यातला ओव्हरसियर जागा झाला. त्यांनी उतार पायाने मोजले, काठीने रेघा मारल्या आणि मला ओरडले, "अहो, खंदकात बसून चहा काय पिताय! एकात एक खंदक आहेत, दिसत नाही?" खरंच होते. मला तोवर ती जमिनीची घडी वाटली होती.

परतीला गावातून रेल्वे नव्हती. वॉलिंगफर्डहून प्रवाशांची रोजची गाडी 1959 सालीच बंद झाली, हे मी त्यांना सांगितलं नाही. म्हटलं, "गाडी चुकली, बसने जाऊ."

रात्री साताऱ्याला त्यांच्या पहाटेच्या टोळक्याचा फोन आला. मी पाय गरम पाण्यात घालून ऐकत होतो.

"हो, पाहिला की किल्ला. चढ? चढ दोन मिनिटांचा. पोचायला साडेपाच तास. नाही, नाही, मी ठीक आहे. जावईबापू बादलीत आहेत."