कफावरून भांडणाऱ्यांना, हाँगकाँगहून

आमच्या घरच्या ग्रुपवर परत तेच चालू झालंय. होमिओपॅथीवाल्यांनी एक वर्षाचा फार्माकॉलॉजीचा कोर्स केला की त्यांना ॲलोपॅथीची औषधं लिहू द्यायची का, हा वाद महाराष्ट्रात २०१४ ला कायदा बदलला तेव्हापासून धुमसतोय, आणि तो पेटला की आमच्याकडे होमिओपॅथी बाजूला राहते आणि सगळं आयुर्वेदावर येऊन पडतं, कारण घरात होमिओपॅथ कोणीच नाही, पण दादा बीएएमएस आहे आणि मामा एमडी. मामांनी लिहिलं, कफ-वात-पित्त ही कविता आहे, औषध नाही. दादाने लिहिलं, मग इतकी शतकं माणसं काय कविता पिऊन बरी झाली का. मग आत्याचा हळदीच्या दुधाचा फॉरवर्ड. आणि मग कोणीतरी मला ओढलंच, "ही तर चिन्यांचे काढे पिते, हिला काय विचारता."

हो, पिते. मार्च-एप्रिलमध्ये इथे भिंतींना पाणी सुटतं, डीह्युमिडिफायरची टाकी सारखी भरते, आणि मला दरवर्षी पांढरा चिकट कफ, पोट जड, जेवण समोर आलं तरी नको. जीपीने, म्हणजे नेहमीच्या ॲलोपॅथी डॉक्टरने, छाती तपासून सांगितलं की अँटिबायोटिकची गरज नाही, पाणी प्या, झोपा. मग शेंग वान भागात चिनी वैद्यकाच्या एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी जीभ बघितली, दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली आणि लिहून दिलं अर-चेन-तांग, इथल्या कँटनीजमध्ये यी-चान-तोंग.

चारच मुख्य गोष्टी आहेत त्यात. बान-शिया नावाचा कंद, चेन-पी म्हणजे मुरवलेली संत्र्याची साल, फू-लिंग म्हणजे पाइनच्या मुळांवर वाढणारी एक बुरशी आणि आपलं ज्येष्ठमध. प्रमाण पाच, पाच, तीन, दीड. वर आल्याचे सात काप आणि एक वू-मेई, धुरावर काळं केलेलं आंबट फळ. त्यांचं म्हणणं असं की कफ फुप्फुसात साठतो खरा पण तयार पचनाच्या गडबडीत होतो, म्हणून खोकल्याच्या मागे न लागता पोट सुधारायचं. हे ऐकून मला हसू आलं, कारण अग्नी मंद झाला की आम होतो, म्हणजे अन्न नीट न पचता साठतं, हे दादा गेली कित्येक वर्षं जेवणाच्या ताटावर ऐकवतोय. आणि सगळ्या खोकल्यांवर हा काढा चालतही नाही हां, कोरडा खोकला असेल किंवा कफात रक्त असेल तर देत नाहीत.

आता मामांसाठी. हा काढा काम करतो असं मी सिद्ध करायला बसलेली नाही. मला बरं वाटलं, पण तेवढ्यात हवाही बदलली होती, मोजणार कसं. यातच जिनसेंग आणि बाई-चू नावाची मुळी घातली की जो काढा होतो तो जपानात रिक्कुन्शितो म्हणून मिळतो, अपचनावर त्याच्या रीतसर डबल-ब्लाइंड चाचण्या झाल्यात, आणि तिथे असले काढे १९७६ पासून सरकारी आरोग्य विम्यात मोठ्या प्रमाणावर आलेत. म्हणजे कविता असली तरी कोणीतरी ती तपासायला बसलं. आपल्याकडे एक जण तपासायच्या आधीच फेकतो आणि दुसरा तपासायच्या आधीच पाया पडतो.

आणि दादा, तुझ्यासाठी बान-शिया. हा कंद कच्चा खाल्ला तर घसा सुजतो, जीभ बधिर होते. म्हणून तो आलं आणि तुरटी घालून शिजवतात, तुमच्या वत्सनाभाच्या, म्हणजे विषारी बचनागाच्या, शोधनासारखंच. फरक पुढे आहे. इथे १९९९ चा कायदा आहे, त्यात ३१ जहाल वनस्पती आणि खनिजांची वेगळी यादी आहे, आणि कच्चा बान-शिया त्या यादीत आहे, तो नुसता मागितला म्हणून मिळत नाही. तयार गोळ्यांच्या बाटलीवर रजिस्ट्रेशनचा नंबर असतो. माझी पुडी ज्यांनी बांधली त्यांनी प्रत्येक गोष्ट ग्रॅममध्ये लिहून दिली. बेल्जियममध्ये नव्वदच्या दशकात वजन कमी करायच्या गोळ्यांत एका चिनी मुळीच्या जागी भलतीच मुळी गेली आणि कितीतरी बायकांच्या किडन्या गेल्या, ती गोष्ट इथे कोणी "आमच्या परंपरेची बदनामी" म्हणून दाबत नाही, त्या जातीच्या वनस्पतींवर सरळ बंदी आहे.

दादाने लगेच लिहिलं की आपल्याकडेही १९४० चा कायदा आहे, शेड्यूल ई-१ आहे, त्यात विषारी द्रव्यांची यादी आहे. आहे ना, मान्य. पण इतवारीतल्या जडीबुटीच्या दुकानात जाऊन वत्सनाभ माग आणि बघ तुला कोण काय विचारतं ते. आणि शास्त्रोक्त ग्रंथातला पाठ जसाच्या तसा बनवला तर सुरक्षिततेच्या चाचण्या मागत नाहीत, जणू काही ग्रंथात आहे म्हणजे आजच्या बाटलीतही तेच आहे. कफावरच्या आपल्या सितोपलादी चूर्णात वंशलोचन, म्हणजे बांबूच्या पोकळीत मिळणारे पांढरे खडे, लागतं, खरं वंशलोचन किती कंपन्या घालतात हे तूच मला सांगितलं होतंस ना, दिवाळीत, गच्चीवर?

मला मजा वाटते ती ही की हा काढा कुठल्या ऋषीच्या समाधीतून वगैरे आलेला नाही. चीनच्या सोंग राजवटीत १०७६ ला काइफंग शहरात सरकारनेच औषधाचं दुकान काढलं, पुढे अशी दुकानं वाढली आणि बाराव्या शतकात त्यांच्या पाठांचं सरकारी पुस्तक निघालं, त्यात हा आहे. म्हणजे रेशनच्या दुकानातला काढा म्हणा ना.

आणि इथल्या चिनी डॉक्टरला ॲलोपॅथीची गोळी लिहिता येत नाही. एकही नाही. पण २००६ च्या कायद्यापासून त्याचं सिक लीव्हचं सर्टिफिकेट ऑफिसला घ्यावं लागतं. मान आहे, हद्दही आहे. मेनलँडमध्ये वेगळं आहे, तिकडे चिनी डॉक्टर दोन्ही लिहितात, पण तो विषय मला आत्ता नकोय. आणि परीक्षा न देता जुन्या अनुभवावर यादीत घेतलेले वैद्य इथेही आहेत, दादाने ते बरोब्बर शोधून काढलं आणि ग्रुपवर टाकलं. बरं बाबा, टाकलंस.

संत्र्याचं मात्र मला खरंच लागतं. शेजारच्या ग्वांगडोंग प्रांतातल्या शिनहुईची साल इथे काचेच्या बरण्यांत वर्षांप्रमाणे लावून ठेवतात, तीन वर्षांखालची असेल तर तिला चेन-पी म्हणतच नाहीत, वीस वर्षांच्या सालीची किंमत बघून मी बरणी परत ठेवली. लाल चवळीच्या गोड सुपातही घालतात. ते फळ आणि आपलं नागपुरी संत्रं एकाच जातीतलं, एकाच घरातले चुलतभाऊ. आमच्याकडे काटोलहून पेटी यायची, साली गच्चीवर वाळायच्या, उटण्यापुरत्या ठेवून बाकीच्या कचऱ्यात. त्यांनी सालीवर बाजार उभा केला आणि आपण अजून जीआय टॅग मिळाल्याचे मेसेज फॉरवर्ड करून राहिलोय.

हे सगळं लिहिल्यावर मामांनी विचारलं, "इतकं नियम-नियम करतेस, मग आईने पाठवलेलं चूर्ण कपाटात तसंच का पडलंय? त्याच्यावर बॅच नंबर आहे की." आईने सांगितलं असणार. त्याला उत्तर कायद्यात नाहीये. आईच्या चूर्णाबरोबर "मी म्हणत नव्हते का" येतं, दादाचं समाधान येतं, मामांचा टोमणा येतो, चमचाभर चूर्णात अख्खं घर बसलेलं असतं. शेंग वानच्या डॉक्टरांशी मला वाद घालता येत नाही, माझं कँटनीज भाजी आणि टॅक्सीपुरतं आहे, त्यांनी बोट ठेवलं की मी हात देते. सात वर्षं होऊन पर्मनंट आयडी आलं तरी लिफ्टमध्ये लोक माझ्याशी इंग्लिशमध्येच सुरू करतात, आणि खरं सांगू का, आजारी असताना ते परकेपण बरं वाटतं. कोणी हक्काने रागवत नाही.

पण ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईने विचारलं की तुम्ही भारतीय कफावर काय घेता, तर मी सितोपलादीवर जी सुरू झाले! खडीसाखर सोळा भाग, वंशलोचन आठ, पिंपळी चार, वेलची दोन, दालचिनी एक, बघ कसं निम्मं निम्मं होत जातं, आहे का तुमच्याकडे असं गणित. पचनही सुधारतं म्हटलं, भूक लागते म्हटलं, लहान मुलांनासुद्धा मधातून देतात म्हटलं. वंशलोचनाच्या भेसळीचं एक अक्षर काढलं नाही. चाचण्या झाल्यात का असं तिने विचारलं तेव्हा मी म्हणाले आमच्याकडे शतकानुशतकं वापरतात, म्हणजे अगदी दादाचंच वाक्य, आणि ती मान हलवत होती तेव्हा मला मामांसारखा कोणी शेजारी बसलेला नाही याचं फार बरं वाटलं. ग्रुपवर यातलं काही लिहिलेलं नाही, तिथे मी अजून शेड्यूल ई-१ वरच अडून आहे.